तहानलेली पाहुणी

एका जंगलात एकही झाड नव्हतं. म्हणून त्याला वाळवंट म्हणत. हसू नका रे, बाळांनो, पुढे ऐका.

तिथे एक विहीर होती आणि विहिरीकाठी एक वस्ती. वस्तीत सगुणा नावाची सांडणी राहायची. सांडणी म्हणजे उंटीण; तुम्ही शहरातली मुलं, सांगावं लागतं. सगुणा विहिरीवर मोट ओढायची. ती गाभण होती. "पिल्लू होईस्तोवर पाणी पुरलं, म्हणजे गंगेत घोडं न्हालं," असं ती म्हणायची.

वस्तीची एक रीत होती. विहिरीवर कुणीही येवो, त्याला आधी पोटभर पाणी द्यायचं. नावगाव मग विचारायचं. वाळवंटात तहानलेल्याला ताटकळत ठेवणं म्हणजे महापाप.

एकदा बीळ उकरताना घुशीला टेकडीत चांदीचा खडा सापडला. झालं! तिसऱ्या दिवशी कोटबूट घालून कोल्हा हजर. त्याने आधी पाणी ढोसलं आणि मग ओळख सांगितली.

"मी आगगाडी कंपनीचा साहेब. या टेकडीत शंभर वर्षं पुरेल इतकी चांदी आहे. आपण थेट इथवर गाडी आणू!"

"शंभर वर्षं कुणी मोजली?" सगुणाने विचारलं.

"आमच्या तज्ज्ञांनी."

"आणि ते कोण?"

"मीच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं काय हो, फुकटच्या असतात.

बघता बघता रूळ पडले. गाडी आली. नारळ कुठून मिळणार, म्हणून इंद्रावणाचं फळ फोडलं. इंजिन विहिरीपाशी थांबलं आणि फुसफुसू लागलं.

"पाहुणी तहानली आहे! ओढ गं सगुणे!" वस्तीचे सरपंच कासवआजोबा ओरडले.

सगुणाने चाळीस मोटा ओढल्या, तेव्हा कुठे पाहुणीची तहान भागली.

"आजोबा, आपलं महिन्याचं पाणी हिने एका दमात संपवलं. रोज आली तर?"

"पाहुण्याच्या पेल्यात डोकावतेस? शोभतं का तुला?"

गाडी रोज येऊ लागली. दोन डब्यांत चांदी जायची. तीन टाक्यांत पाणी जायचं, वाटेत इंजिनाला लागतं म्हणून. सगुणा मोट ओढून ओढून वाळली. पण पोटातल्या जिवासाठी चार घोट जास्त मागायची तिला लाज वाटे.

शंभर वर्षं सव्वा महिन्यात संपली. टेकडीत उरली नुसती माती. त्याच आठवड्यात मोटेतून चिखल वर आला.

कोल्ह्याची माणसं, म्हणजे आपली माकडं हो, रूळ उपटू लागली.

"अहो साहेब, रूळ तरी राहू द्या," आजोबा काकुळतीला आले.

"आजोबा, तुमच्या भावना समजतात. पण पुढच्या वस्तीत चांदी निघाली आहे."

गाडी निघाली. तिच्यामागे एकेक रूळ उपटून तिच्यावरच लादला गेला. आजोबा ढसाढसा रडले. "पोरी, मी तुझं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. सगुणाला त्यांचा भयंकर राग आला होता, तरी तिने त्यांना पाठीवर घेतलं. बाकीचे वाट फुटेल तिकडे गेले.

ती तीन दिवस चालली. जीभ टाळ्याला चिकटली. "देवा, माझं राहू दे, पोटातल्याचं तरी बघ रे," एवढंच ती पुटपुटत होती.

चौथ्या दिवशी पुढची वस्ती आली. विहीर काठोकाठ भरलेली! पण काठावर मुंगूस पहाऱ्याला.

"पाणी राखीव आहे. उद्या गाडी यायची आहे."

सगुणा होता नव्हता तो आवाज काढून ओरडली, "बाबांनो, ती गाडी तुमची विहीर पिऊन टाकेल!"

सगळी वस्ती फिदीफिदी हसली. "तुमची गाडी गेली म्हणून जळतेस होय गं?"

तेवढ्यात कोल्हा पुढे आला. मोठ्या मायेने म्हणाला, "बाई, अशा अवस्थेत त्रागा बरा नाही. आम्हाला रूळ वाहायला उंट कमी पडताहेत. दिवसाला दोन बादल्या पाणी देऊ. बाळंत झालीस की एक बादली जादा."

सगुणाने विहिरीकडे पाहिलं. पोटात पिल्लाने लाथ मारली. तिने आजोबांना अलगद खाली उतरवलं, गुडघे टेकले आणि पाठ पुढे केली.

तात्पर्य : तहानलेल्या पाहुण्याला पाणी अवश्य पाजावे. तो उपकार विसरत नाही. पुढच्या गावी आपल्याला कामावर ठेवतो.