मागणीची वाट पाहणारे जनूशेठ

जनूशेठ स्वतःचं पुस्तक फाडतात. रागानं नव्हे, अगदी मन लावून. बोटाला थुंकी लावून हवं ते पान शोधतात, शिवणीजवळ पट्टी दाबून धरतात आणि एका झटक्यात पान मोकळं करतात. मग ते समोरच्याच्या हातात देऊन म्हणतात, "सँपल बगा. माल आत हाय."

समोरचा म्हणजे कोणीही. रिक्षावाला, बँकेतला शिपाई, जिन्यात धापा टाकत उभी राहिलेली माझी सासू. तिनं त्या पानात दुसऱ्या दिवशी तुळशीचं बी सुकत घातलं. पुस्तक मात्र त्यांच्याकडून अजून कोणी मागितलेलं मी पाहिलेलं नाही.

यात वेडेपणा काही नाही, निदान भिवंडीत तरी नाही. जनूशेठनी सगळा जन्म कापडाच्या दलालीत काढला. दलाल कापडाचा अख्खा तागा खांद्यावर घेऊन फिरत नाही. तो वीतभर तुकडा कापतो आणि बाजारात फिरवतो. गिऱ्हाईक तुकडा बघतं, पसंत पडला की माल मागतं, आणि मगच गोदामातला तागा हलतो. म्हातारपणी या माणसानं आत्मचरित्र लिहिलं, आणि ते कसं विकायचं असतं हे कोणी सांगेना, तेव्हा त्यांनी कापडासारखं विकायला काढलं. मी खाली स्टेशनरीचं दुकान चालवतो, ते वर दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यामुळे हे सगळं मला फुकट बघायला मिळालं आणि थोडंफार भोगावंही लागलं.

पुस्तकाचं नाव 'पुराशी दोन हात'. ते छापणारा प्रकाशक फोनवर फार गोड बोलायचा. पैसे पोचेपर्यंत तो यांना 'सर' म्हणत होता. पुस्तकांचे गठ्ठे टेंपोतून आमच्या दारात उतरले त्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, "छापखान्यापर्यंत आम्ही, पुढे तुम्ही." पुढे म्हणजे दोन जिने. गठ्ठे वर चढवताना आम्हा दोघांच्याही कमरा गेल्या. जनूशेठची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी. त्यामुळे घरात जागाच जागा होती, ती भरली. आता ते पलंगावर झोपतात की पुस्तकांवर, हे नीट सांगता येत नाही.

प्रकाशन समारंभ झाला. पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले. त्यांनी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं, त्यावरून विषय ताडला आणि गटारं तुंबून रस्त्यावर पाणी साचतं त्यावर घणाघाती भाषण केलं. शेवटी म्हणाले, "जनूशेठसारख्या पूरग्रस्तांना भरपाई मिळवून दिल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." टाळ्या पडल्या. वडे संपले. लोक गेले. पुस्तकांचा ढीग टेबलावर होता तेवढाच राहिला.

माझ्या गल्ल्याशेजारीही त्यांनी एक चवड मांडून ठेवली आहे. एका बाईनं प्रत उचलून विचारलं, "दहावीला आहे का हे?" मी नाही म्हटलं. तिनं प्रत अशी पटकन खाली ठेवली की जणू मी तिला फसवणारच होतो.

जनूशेठ खचले नाहीत. सँपलं घेऊन ते आपल्या जुन्या बाजारात, लूमवाल्यांकडे गेले. मी सोबत होतो. लूमच्या खडखडाटात एक मालक भेटले, जनूशेठचे जुने व्यापारी. त्यांनी पान हातात घेतलं, अंगठा आणि बोटात चोळलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि ओरडून म्हणाले, "माल हल्का नहीं है, शेठ! कहाँ का है?" शेजारच्या कारखान्यातही तेच झालं. अख्ख्या भिवंडीनं त्या पानाचा कागद पारखला. वाचलं कोणी नाही. जनूशेठ मात्र खूश. "क्वालिटी पास झाली, साळवी. आता मागणी येईल. घाई न्हाय."

मधे कोणी तरी त्यांना पुस्तक ऑनलाइन टाकायला लावलं. रोज सकाळी येऊन ते मला फोनवर बघायला सांगायचे, ऑर्डर आली का म्हणून. येत नव्हती. शेवटी मीच कंटाळून एक मागवलं. ऑनलाइनवाल्यांकडच्या प्रती आमच्याच तालुक्यातल्या कुठल्याशा गोदामात ठेवलेल्या होत्या. पार्सल तिथून निघालं, दुसऱ्या राज्यात जाऊन आलं, आणि आठवडाभरानं माझ्या दुकानात पोचलं. जनूशेठ ते खोकं हातात फिरवत म्हणाले, "काय सांगावं, माज्याच शेतात ठेवलेलं असंल." हसले, पण ते हसू लगेच मावळलं.

कारण शेत हा त्यांच्या घरातला दुखरा भाग आहे. जनूशेठ मूळचे दिघाशीचे. गावात त्यांचा थोरला भाऊ, त्याला ते दादूस म्हणतात. गोदामवाले जमिनी बघत फिरायला लागले तेव्हा जनूशेठनी आपला हिस्सा त्यांना विकून टाकला. दादूसनं दिला नाही. आता दादूसच्या भाताच्या बांधाला लागून पत्र्याची भिंत आहे आणि अंगणासमोरून दिवसभर ट्रक जातात. तेव्हापासून दादूस त्यांच्याशी बोलत नव्हता. आणि हे पुस्तक, तो पूर, ते पानन् पान त्या दादूससाठी लिहिलेलं आहे. हे जनूशेठनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. दादूसनं ते वाचावं, बस्स. बाकी भिवंडीनं वाचलं नाही तरी चालेल.

"मग एक प्रत नेऊन द्या ना त्याला!" मी म्हटलं.

"तसं करतात व्हय?" ते माझ्या अडाणीपणावर कळवळले. "आपणहून माल दारात नेऊन टाकला, की गिऱ्हाईक त्याला हात लावत न्हाय. बाजारात नाव व्हायला पायजे. त्याच्या कानावर जायला पायजे. मग तो माणूस धाडंल, आन विचारंल, जन्याचं पुस्तक हाय का? मागणी त्याच्याकडनं यायला पायजे, साळवी."

सख्ख्या भावाला कोणी गिऱ्हाईक म्हणतं का? पण ते म्हणत होते, आणि अगदी गंभीरपणे. मला त्यांचा राग यायचा. आता सांगायला हरकत नाही, मला अनेकदा वाटायचं की आपणच एक प्रत उचलावी आणि दिघाशीला टाकून यावी.

सँपलाचं पानही नेहमी तेच असायचं. कापडात तुकडा कापायचा तर चांगल्यात चांगला कापायचा, तसं पुस्तकातलं हे उत्तम पान. पावसाळ्यात गावच्या नदीला लोंढा आला, दादूसचा पाय सुटला, तो वाहत निघाला. आणि छोट्या जनूनं मागचापुढचा विचार न करता उडी मारली, त्याला केसांना धरून काठाला ओढत आणलं. बरं लिहिलं होतं. मी वाचलेलं तेवढं एकच पान.

मग दादूसची किडनी गेली. डायलिसिससाठी त्याला गावाहून भिवंडीच्या दवाखान्यात आणायला लागले. जनूशेठना हे कळलं, आणि त्यांनी आपला धंदा उचलून त्या दवाखान्यासमोरच्या पानटपरीवर नेला. आत जात नव्हते. टपरीच्या आडोशाला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सँपल देत. पेशंटच्या नातेवाइकांना, वॉचमनला, डबे आणणाऱ्यांना. बापाची सोनोग्राफी काढून बाहेर आलेल्या एका माणसाच्या हातात त्यांनी पुराचं पान ठेवलं, तेव्हा तो भडकला. "चाचा, यहाँ भी धंदा?" असं म्हणून त्यानं ते चुरगाळून टाकलं. जनूशेठनी ते उचललं, मांडीवर ठेवून सरळ केलं आणि पुढच्याला दिलं.

दादूसला गाडीतून उतरवत, तेव्हा मात्र ते पाठ फिरवून तंबाखूत चुना मळत बसत.

"तो आत पडलाय, तुम्ही बाहेर उभे. जा की आत!" मी एकदा चांगलाच ओरडलो.

"येईल मागणी. घाई न्हाय," ते म्हणाले. पण या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

मागणी आली नाही. फोन आला, दादूस गेल्याचा.

जनूशेठना अग्नी द्यायच्या वेळेला पोचता आलं नाही. की ते मुद्दामच उशिरा निघाले, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. त्यांनी खांद्याला रोजची पिशवी अडकवली होती. मी ती काढून ठेवा म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

दिघाशीच्या घरी दारात माणसं बसली होती. आतल्या खोलीत, जिथं दादूसला शेवटचं ठेवलं होतं तिथं, पिठावर दिवा ठेवलेला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी जनूशेठकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. रस्त्यावरून ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरत होती.

असे चार ट्रक गेल्यावर वहिनीच म्हणाल्या, "भावजी, तुमचं पान वाचलं ह्यांनी."

जनूशेठनी मान वर केली.

"दवाखान्यात बाजूच्या खाटंवरच्या मान्साकडं व्हतं. त्यानं गोळ्या बांधून ठेवल्या व्हत्या त्यात. ह्यांना तुमचं नाव दिसलं. गोळ्या काडून घे बोलले, पान मना दे."

"मागितलं?" जनूशेठ पुढे सरकले. "त्यानं मागितलं?"

"व्हय. मागून घेतलं."

जनूशेठच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. बाजारातला सगळ्यात मोठा सौदा झाल्यासारखे ते पाठ सरळ करून बसले. मग विचारलं, "आन? काय बोलला?"

"हसले. लय दिसांनी हसले. मना बोलले, जन्या पव्हायला कंदी शिकला गं?"

बाहेरची माणसं आपसात बोलत होती. आत मी, ते आणि त्या. मला समजायला एक क्षण लागला.

"त्या पुरात वाव्हत चालले व्हते ते तुम्ही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "उडी ह्यांनी घातली. सासूबाय सांगायच्या. मी बोलले, मंग असं खोटं का छापलंन? तर बोलले, कोनाला सांगू नको. इकू दे त्याला."

जनूशेठनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "पयलं खरंच लिवलं व्हतं, साळवी. प्रकाशक बोलला, लेखकच बुडतोय असं पुस्तक कोन घेईल? लेखकानं वाचवलं पायजे." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "दादूसला वाचताना कळलं असतं, पानात गोष्ट उलटी केलीय ती. मना वाटलं, तो चिडंल. चिडला असता तर शिव्या द्यायला तरी आला असता."



ते उठले आणि दिव्यासमोर जाऊन मांडी घालून बसले. पिशवीतून पान काढलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. छापलेलं होतं, मी उडी मारली. त्यांनी वाचलं, दादूसनं उडी मारली. छापलेलं होतं, तो रडत होता. त्यांनी वाचलं, मी रडत होतो. ओळीमागून ओळ ते उलटी करत चालले होते, चुकू नये म्हणून प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. दारातली माणसं गप्प झाली. पुस्तक बाहेर आल्यापासून पहिल्यांदाच कोणी ते ऐकत होतं.

शेवटच्या ओळीशी ते अडले. ती ओळ मला पाठ होती. त्या दिवशी मी नसतो, तर आज माझा भाऊ नसता.

"त्या दिवशी दादूस नसता," त्यांनी वाचलं आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. "त्या दिवशी दादूस नसता..." बोट त्याच शब्दावर राहिलं. पुढचे शब्द त्यांना म्हणता येईनात, आणि पान खाली ठेवायचंही सुचेना.

वहिनी उठल्या. त्यांनी दिव्यात तेल घातलं आणि जाता जाता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हाईत व्हतं."