म्हामुणकर सर आणि पलीकडचा साहेब

महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक काशिनाथ म्हामुणकर हे संगणक सुरू करण्यापूर्वी शर्टाचं गळ्याचं बटण लावतात, केस विंचरतात आणि पडदा उजळला की खुर्चीतून अर्धवट उठून उभे राहतात.

हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि संगणकाच्या खोलीला खिडकी होती.

एकदा न राहवून विचारलं, की सर, हे उठणं कोणासाठी? त्यांनी आधी दार लावलं, मग पडद्यावर रुमाल टाकला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पलीकडे साहेब आहे."

कोणता साहेब? तर ज्याच्या हातात आपल्या पोरांच्या नोकऱ्या आहेत, तो.

म्हामुणकर सर जन्मानेच भित्रे. सावित्री नदीचं पाणी चढायच्या आधीच ते चपला हातात घेत. पोलादपूरला घरी जाताना एस.टी.त चढले की ड्रायव्हरचा चेहरा नीट निरखून मगच बसत. घरी एकटेच, तरी बाहेर पडताना गॅस बंद केल्याचं स्वतःला मोठ्याने सांगत. मात्र त्यांच्या प्रयोगशाळेत कधी कोणाचं बोटसुद्धा भाजलं नाही, हेही नमूद करतो. भीतीचा असा सदुपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नवं शतक सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली होती. इंटरनेटवर आपलं पान उघडून मित्र जमवायची साथ तेव्हा महाडात पोचली. एस.टी. स्टँडामागच्या सायबर कॅफेत पोरांची रांग लागे. ज्याचं त्याचं पान, पानावर फोटो, खाली मित्रांची यादी आणि त्या मित्रांनी लिहिलेले कौतुकाचे चार शब्द. अशात बातमी आली, की पाचाडच्या एका मुलाला एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीने त्याच्या पानावरचा फोटो बघून नाकारलं. फोटोत तो मोटारसायकलवर आडवा पडून बाटली तोंडाला लावत होता. बातमी खरी की खोटी, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कॉलेजचा रोजगार मार्गदर्शन कक्ष म्हामुणकर सरांकडे होता, आणि सर तीन दिवस जेवले नाहीत.

"बाटलीत कोकम सरबत होतं हो," ते मला म्हणाले. "पण ते साहेबाला कोण सांगणार?"

पुढच्या शनिवारपासून त्यांनी शेवटच्या वर्षाच्या अडतीस मुलामुलींचा वर्ग सुरू केला. विषय: इंटरनेटवर कसं वागावं. मीही मागच्या बाकावर जाऊन बसे, कारण एवढं फुकटचं नाटक महाडात दुसरीकडे नव्हतं. सर फळ्यावर काही लिहीत नसत, कोणी वाचलं तर? हळू आवाजात सांगत. फोटो टाकाल तर दाखल्यावर लावता तसा. खोटं नाव घ्याल तर गेलात. अनोळखी माणसाला मित्र करू नका. रागात असाल तर हात धुवायला जा. माझ्या स्वतःच्या पानावर स्नेहसंमेलनातला फोटो होता, दाढीमिशा लावून सिंहासनावर बसलेला. तो सरांनी पाहिला आणि मला विचारलं, की निवृत्तीला किती वर्षं राहिली. ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला.

त्यांचा सगळ्यात अघोरी शोध म्हणजे सूचनाफलक. इंटरनेटवर जे लिहायचं, ते आधी कागदावर लिहून, खाली पूर्ण नाव घालून, कॉलेजच्या फलकावर एक दिवस टांगायचं. उद्या लाज वाटली नाही, तर टाका तिकडे.

पहिला कागद तुडीलच्या वैशालीने लावला. हुशार मुलगी, बोलायला मोकळी. तिने लिहिलं, 'आज कशातच मन लागत नाही.' अकराला कागद लागला. एकला कॅन्टीनवाल्याने वाचला, तीनला त्याच्याकडून तुडीलच्या गाडीच्या कंडक्टरला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीची आई दोन मावश्यांना घेऊन कॉलेजच्या दारात उभी. "गो वैशे, मन लागत नाय म्हंजे? कोन हाय तो?"

मुलगी रडकुंडीला आली. सर दाराआड उभे होते, पण डोळ्यांत वैज्ञानिकाचा आनंद होता. "हे एका दिवसात महाड ते तुडील," ते वर्गाला म्हणाले. "तिकडे तर जग आहे."

वर्ग असा हादरला, की महिनाभरात अडतीसही पानं स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ की एकसारखी. तोच निळ्या पडद्यापुढचा फोटो, तोच ताठ चेहरा, आणि प्रत्येकाची आवड: वाचन व शिस्त.

मग कंपनीचं पत्र आलं. कॉलेजात मुलाखती घेणार, प्रयोगशाळेत जागा एकच. वैशालीला ती जागा हवी होती, नुसती हवी नव्हे. मिळाली तर तुडीलहून रोज येऊन-जाऊन नोकरी. नाही तर मामाकडे मुंबईला, शिवणकामाच्या कारखान्यात. तसं घरी ठरलंच होतं. मला ती जिन्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, मला तिकडं नाय जायचं."

मुलाखती संगणकाच्या खोलीतच झाल्या. कॉलेजच्या वतीने मी आणि म्हामुणकर सर कोपऱ्यात बसलो. आणि ज्याला सर इतके दिवस घाबरत होते तो साहेब प्रत्यक्ष आत आला. अठ्ठावीस-तीस वर्षांचा पोरगा, गळ्याचं बटण उघडं. ते उघडं बटण बघून सर जास्तच घाबरले.

वैशालीने उत्तरं छान दिली, सरांनी घोटून घेतलेल्या पुस्तकी मराठीत. मग साहेबाने तिच्यासमोरच तिचं पान उघडलं. आधी त्याने आम्हाला हळूच विचारलं, की तुमच्या कॉलेजात मुलांना कोणी धमकावलंय का, कारण सकाळपासून सगळे वाचन व शिस्त सांगतायत. मग तो पानावर खाली सरकला आणि थांबला.

"हे के. पाटील, पुणे, कोण?" तो म्हणाला. "सगळ्यांच्या पानांवर यांनी लिहिलेलं कौतुक आहे."

वैशाली पांढरी पडली. अनोळखी माणसाला मित्र करायचं नाही, हा नियम तिने मोडला होता, आणि तिच्यासह अडतीसही जणांनी. पुण्याहून कोणी पाटील मैत्री मागतोय म्हणजे कंपनीचाच साहेब असणार, त्याला नाही कसं म्हणायचं, या भीतीने.

साहेबाने मोठ्याने वाचलं. 'ही मुलगी काचेची भांडी धुऊन पालथी ठेवते. तीन वर्षांत एकही ब्युरेट फोडली नाही. स्वतःची चूक झाली तर स्वतः येऊन सांगते.' त्याने मान वर केली. पुण्याच्या पाटलांना इथल्या ब्युरेटी कशा माहीत? की हे तुम्हीच खोट्या नावाने लिहिलंय? तसं असेल तर मुलाखत इथेच संपली.

माझ्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. म्हामुणकर सर उभे राहिले होते, पूर्ण उभे.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "अडतीसही पानांवर मीच लिहिलंय. मुलीला काही माहीत नाही."

साहेब गोंधळला. स्वतःच्या नावाने का नाही लिहिलं, त्याने विचारलं. सरांनी खालीच बघत सांगितलं, की त्यांचंही एक पान आहे, पण त्यावर कोणी नाही. ज्याच्या पानावर माणूस नाही, त्याने कोणाची शिफारस केली तर कोण ऐकणार? म्हणून पाटील काढला. पाटलाला आठवड्यात अडतीस मित्र झाले.

वैशालीला ती जागा मिळाली, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण यापुढचं सांगितल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

साहेबाने काशिनाथ म्हामुणकर हे नाव शोधलं. पान उघडलं. दाखल्याचा फोटो, गळ्याचं बटण लावलेलं. वाईट हेतूने नव्हे, खात्री करायची म्हणून तो म्हणाला, "सर, इथे मित्र खरंच शून्य दाखवतंय."

सर रुमाल शोधू लागले. आणि सरांनी महिनाभर घोटून घेतलेली सगळी पुस्तकी मराठी विसरून, साहेबासमोर, नोकरीसमोर, वैशाली एकदम बोलून गेली,

"आमी हाव ना, सायेब."