बापूंच्या मांडणीवरचा फोन

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किरटं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण शेजारच्या बापूंबद्दल लिहून ठेवायचं आहे.

आमच्या भूकंपाच्या कोयनानगरात मांडणीवरची भांडी वाजली की माणूस आधी पळतो, मग विचार करतो. एकदा भरदुपारी बापूंच्या घरातली भांडी थरथरली. मी गॅस बंद करून अंगणात धावले. बाकी कोणीच आलं नाही. माझ्या घरातला पेलासुद्धा हलला नव्हता. तेवढं बापूंचंच घर वाजत होतं, आणि परसातून बापू रिकाम्या घराला सांगत होते, "आलो गं, आलो!"

आक्का, म्हणजे त्यांची बायको, जाऊन वर्ष उलटलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

पुढे कळलं. आक्कांचा बटणांचा फोन बापूंनी मांडणीवरच्या ताटात, त्या ठेवायच्या तिथेच ठेवला आहे. बँकेच्या खात्याला तोच नंबर. बापू आपल्या फोनवर खातं उघडायला गेले की ओटीपी आक्कांच्या फोनवर येतो, आणि ताट थरथरतं. स्वतःचा रिचार्ज संपला तरी चालेल, आक्कांचा संपू देत नाहीत.

सांगलीहून लेक आली की भांडण ठरलेलं.

"बापू, आवं आईचा नंबर काढा आता. ते प्रश्नांचं लावून देते. आजीचं माहेर, पहिला बैल, असलं विचारतंय. उत्तर दिलं की उघडतंय."

बापूंनी कुंपणावरून मला हाक मारली. "पोरी, माझ्या पहिल्या बैलाचं नाव काय गं?"

"सर्ज्या," मी मान खाली घालून म्हणाले.

"बघ! हिनं सर्ज्याचं शेपूटबी बघितलं न्हाई, तरी हिला ठाव. ह्ये कसलं कुलूप? ओटीपीला दोघं लागत्यात. म्या कडी वाजवायची, तुझ्या आईनं उघडायची."

"आई कुठं हाय आता उघडायला?"

बापू आत जाऊन आक्कांचा फोन चार्जिंगला लावू लागले.

शिलाई मशीनसाठी मी त्यांच्याकडून उसने पैसे घेतले होते. अट एकच: "एकदम देऊ नको. थोडं थोडं, मोबाईलवरनंच पाठव." मला वाटलं, माझी ओढाताण नको म्हणून. पण मला ते ओझं उतरवायचं होतं. दिवाळीचे ब्लाऊज शिवून झाले तशी राहिलेली सगळी रक्कम रोख घेऊन गेले.

बापू मांडणीसमोर पाटावर बसले होते. नोटा बघून मागे सरकले.

"हातात नको गं. तिला कसं कळायचं?"

पैसे जमा झाल्याचा निरोपही आक्कांच्याच फोनवर जातो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बापूंनी त्यातला एकही उघडला नव्हता. "तिचं हाईत त्ये," म्हणाले.

नोटा परत नेल्या, बँकेत भरल्या, आणि पहिल्यासारखे थोडे थोडे पाठवत राहिले.

परवा शेवटचे पाठवले. भिंतीपलीकडे भांडी वाजली. "आलो गं," आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. बापू थांबलेल्या ताटाकडे बघत होते.

"फिटलं सगळं?"

पुन्हा उसने मागावेत असं ओठांवर आलं, पण लाजले.

"फिटलं, बापू."