मागचा मुसल्ला

"कासमभाई, मागं आलीय हो! मागं आलीय!"

आमची सुमन अंगणातून अशी ओरडत होती की टोलनाक्यावरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक दाबले असतील. मी, तिचा नवरा, तेव्हा पाण्याच्या टाकीवर होतो. कसा चढलो ते विचारू नका, टाकीला शिडी नाही. शेजारच्या पडवीत कासमभाई संध्याकाळच्या नमाजात गुडघ्यांवर हात टेकून कमरेत वाकलेले, आणि त्यांच्या मागं अंथरलेल्या दुसऱ्या मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, फणा काढून नाग.

'आलीय' म्हणजे तोच. सुमनच्या माहेरी, भिवपुरीकडे, दिवेलागणीला सापाचं नाव घेत नाहीत, 'दोरी' म्हणतात. फारच घाबरगुंडी उडाली तर दोरीही नाही, नुसतं 'आलीय'. नाग चार हात होता. म्हणजे त्या दिवशी चार होता. दिवाळीपर्यंत सात झाला, पुढचं माझ्या हातात नाही.

खालापुरात ट्रकच्या सीटांची कव्हरं शिवणारे कासमभाई म्हणजे अख्ख्या तालुक्यातले पहिल्या नंबरचे भित्रे. चप्पल आधी उलटी करून आपटणार, मग पाय घालणार. पाल चुकचुकली की जेवण बंद. विजा कडाडल्या की कापडं कापायच्या टेबलाखाली. एका पंजाबी ड्रायव्हरची ऑर्डर त्यांनी तिथूनच घेतली, आणि तो बिचारा टेबलाशीच बोलून गेला. मशीद हायवेच्या पलीकडं, म्हणून अंधार पडायला लागला की नमाज घरीच. का, विचारलं तर एकच उत्तर, "काय नेम हाय?"

पण मुसल्ल्यावर उभा राहिला की हाच माणूस असा निवांत व्हायचा, जणू भीती चपलांबरोबर पायरीशी काढून ठेवलीय. त्यातही एक खूळ होतं. पडवीत एकटे, तरी 'अल्लाहु अकबर' खणखणीत म्हणायचे, मशिदीत इमाम मागच्यांना ऐकू जावं म्हणून म्हणतात तसं. आणि मुसल्ले दोन, एक पुढं, एक मागं. मी एकदा छेडलं, एकट्यासाठी एवढा आवाज कशाला? तर म्हणाले, मागं कुणी असलं तर? कोण असणार? "काय नेम हाय?" मी गावभर करून टाकलं की पुढच्यावर पाल पडली तर पळायला मागचा ठेवलाय.

जैनबभाभी होत्या तेव्हा दोघं मिळून पढायचे. रिवाजाप्रमाणं ते पुढं, त्या मागं. भाभी तवा उतरवून येईपर्यंत इकडं सुरुवात झालेली असायची. मग कासमभाई रुकूत, म्हणजे त्या वाकण्यात, ताटकळायचे. तेवढ्यात मागचा येऊन मिळाला तर त्याची ती रकात, म्हणजे नमाजाची ती फेरी, वाया जात नाही. "माझ्या भाकऱ्यांपायी यांची कंबर गेली," असं भाभी हसत सांगायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. कंबर तशीच राहिली, डॉक्टरनं वाकायला मनाई केलेली.

आणि त्या दिवशी ते वाकले ते वाकलेलेच. वाऱ्यानं लुंगीचा काठ हलायचा, की फणा तिकडं वळायचा. काठी मारावी तर डंख आधी कासमभाईंना. सुमनचा आवाज बसला. जिवावर बेतलं तर नमाज तोडायला मुभा असते, हे मौलवींनी मला एकदा चहा पिताना सांगितलेलं. तेच ओरडायला तोंड उघडलं, आणि नाग वर बघेल म्हणून परत मिटलं. कासमभाईंचे पाय कमरेच्या कळेनं लटलटत होते. एक पाऊल मागं गेलं असतं तर संपलंच होतं.

शेवटी नागालाच कंटाळा आला असावा. फणा मिटला, आणि तो मुसल्ल्यावरून सरपटत कुंपणात गेला. मग कासमभाई सावकाश सरळ झाले. नमाज पुरा केला, उजवीकडं सलाम फिरवला, डावीकडं फिरवला, आणि मागं वळून बघत राहिले.

सुमननं फाटक्या आवाजात, रीतभात सोडून, साप म्हणून सांगितलं. त्याबरोबर माणूस पांढराफटक. खाटेवर चढले आणि तिथूनच मला चपला आपटायला लावल्या.

एव्हाना मी खाली उतरलो होतो, त्यामुळं मला धीर आणि राग दोन्ही आले होते. म्हटलं, ही गळा फाटेस्तोवर ओरडतेय, ऐकू येत नव्हतं का? मुभा असते ना? मग उठला का नाहीत?

कासमभाई मागच्या मुसल्ल्याकडं बघत होते.

"आलं की ऐकू," ते म्हणाले. "वैनी वरडल्या, मागं आलीय. म्हणून थांबलो."