तीन रेघांचे कांबळे सर

कांबळे सरांना तुम्ही नुसतं "काल लाईट गेलती" असं सांगून बघा. लगेच विचारणार, "तुम्ही कुठं हुतासा? दुसरं कोण हुतं? आणि तिसरं?" तीन ठिकाणची तीन माणसं बोलल्याशिवाय या गृहस्थाचा कशावर म्हणून विश्वास बसत नाही.

सर आमचे राजारामपुरीतले शेजारी, कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक, आता रिटायर. पण रिटायर कसले! सूर्यावर भडका उडाला की रेडिओलहरी सुटतात. सूर्याभोवती निरनिराळ्या जागी फिरणारी यानं त्या टिपतात. ती माहिती सगळ्यांना खुली असते, आणि सर घरात बसून लहरी नेमक्या कुठून सुटल्या ते हुडकतात. एका यानाकडून म्हणे नुसती दिशा कळते. मग दुसऱ्याची घ्यायची, तिसऱ्याची घ्यायची, आणि रेघा एकमेकींना कापतील तिथं चोर!

परवा सकाळी सर बनियनवरच धावत आले. "सापडलं की! तिन्ही रेघा एका ठिकाणी!" त्यांचा आनंद बघून मलाही चेव आला. पण समोरचे पाटील आण्णा म्हणजे खवट माणूस. म्हणाले, सूर्याचं ऱ्हाऊ दे, सकाळपासनं गल्लीत मोटर घुमतीया, नळाचं पाणी कोण वढतंय तेवढं सांगा. झालं, सरांची इज्जतच पणाला लागली.

सरांनी मला, आण्णांना आणि आणखी एका शेजाऱ्याला गल्लीच्या तीन टोकांना उभं केलं. डोळे मिटायचे आणि आवाज येईल तिकडं हात करायचा. स्वतः रस्त्यावर खडूनं गल्लीचा नकाशा काढून त्यावर रेघा मारत सुटले. भाजीवालीसकट सगळी गल्ली गोळा. रेघा जुळल्या त्या थेट सरांच्याच मागच्या दारी. दिव्याचं समजून मोटरचं बटण दाबून बसले होते. आण्णा पोट धरून हसले, आणि सर त्यांच्याहून जास्त. पद्धत बरोबर निघाली ना, मग चोर कोण का असेना!

मला मात्र राहवेना. स्वतःच्या घरातली मोटर माणसाला कळू नये? चहा पिताना विचारलंच. सर म्हणाले, डावा कान लहानपणीच गेला. एका कानानं आवाज येतो, पण कुठल्या बाजूनं ते समजत नाही. वैनी, म्हणजे सरांच्या मिसेस, होत्या तोवर त्या खांद्याला धरून आवाजाकडं तोंड फिरवायच्या.

"आणि आता?"

"आता कधीमधी हिचीच हाक आल्यागत वाटतं," कप खाली ठेवत सर म्हणाले. "कुठनं ते कळत न्हाय. मग सगळ्या खोल्या बघून येतो."