साळिंदराच्या बापाने घात केला

कोणताही सिनेमा पहिला अर्धा तास बघितला की पुढचा सगळा मी सांगतो! फुशारकी मारत नाही, अनुभव आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढलीत. पोरगं वर्गाच्या दारात कसं उभं राहतं, यावरून त्याने गृहपाठ केला नाही की केलेला घरी विसरला, हे मी ओळखायचो.

मी एलिया साळवे, निवृत्त मुख्याध्यापक. कोपरगावच्या अलीकडे, चहूबाजूंनी उसात बुडालेलं आमचं गाव. गावात आमचं चर्च आणि चर्चच्या संडे स्कूलचा मी प्रमुख. मागच्या महिन्यात महिला मंडळाच्या स्टेलाबाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरं दिवसभर कार्टून बघतात. त्यापेक्षा एखादा चांगला सिनेमा आपणच दाखवू. मग त्यातून काय घ्यायचं, काय सोडायचं, ते ख्रिस्ती दृष्टीने तुम्ही समजावून सांगा."

"माझ्यावर सोपवा!" मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला घाई होती ती घरच्या कारणाने. माझी मुलगी प्रार्थना, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तीन आठवडे ती माझ्याशी बोलत नव्हती! गणितात नापास झाली, म्हणून मी एका रविवारी उपासनेत तिचं उदाहरण दिलं होतं, एवढंच. आता बापाने स्वतःच्या पोरीचं उदाहरण द्यायचं नाही तर काय सरपंच आप्पासाहेबांच्या पोरीचं द्यायचं? पण ती जी गप्प झाली ती झालीच. "चहा ठेव गं" म्हटलं की चहा यायचा, पण भिंतीतून आल्यासारखा! बायको मार्था मधल्यामधे निरोप्याचं काम करून थकली होती.

तेव्हा सिनेमा असा हवा होता की पोरांना आज्ञापालन कळेल आणि एका विशिष्ट पोरीला जरा जास्त कळेल.

सापडला! एका साळिंदराच्या पिल्लाची गोष्ट. बाप कळपाचा म्होरक्या. त्याचा नियम एकच: नदी ओलांडायची नाही, पलीकडे राक्षस आहे. पिल्लू ऐकत नाही. जातं. वादळात सापडतं. इथवर मी बघितलं आणि मोबाईल बंद केला. पुढे काय होणार? पिल्लू रडत घरी येणार, बापाच्या पाया पडणार, समाप्त! मी लगेच भाषण लिहिलं आणि पोरांसाठी प्रश्नपत्रिका काढली. झेरॉक्सच्या साठ प्रती. पहिला प्रश्न: 'पिल्लाने कोणाची आज्ञा मोडली?' दुसरा, रिकाम्या जागा भरा: 'शेवटी ______ ने गुडघे टेकून क्षमा मागितली.' तिसरा: 'तुमच्या घरी असे कधी घडले आहे का? उभे राहून साक्ष द्या.'

तिसऱ्या प्रश्नावर मी फारच खूश होतो. प्रार्थनाची नजर खाली जाणार आणि मी मोठ्या मनाने म्हणणार, "असू दे बाळा!"

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये शंभरेक माणसं जमली. प्रोजेक्टर ग्रामपंचायतीचा, म्हणून सरपंच आप्पासाहेब प्रमुख पाहुणे. सोबत त्यांच्या मंडळी छबूबाई. पुढच्या बाकावर चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब आणि त्यांची सात वर्षांची मुलगी मोनिका. लॅपटॉपवर प्रार्थना. तिच्याशिवाय ते यंत्र गावात कोणालाच चालू करता येत नाही!

पहिला भाग झकास गेला. पिल्लू नदीकडे निघालं तसा मी मोठ्याने म्हणालो, "बघा! आता भोगेल!"

मग वादळ संपलं. पिल्लू पलीकडे पोचलं. आणि तिथे राक्षस नव्हता!

तिथे एक म्हातारं, लंगडं साळिंदर होतं. बापाचा सख्खा भाऊ! कित्येक वर्षांपूर्वी पुरात बाप त्याला तिथेच टाकून पळाला होता आणि ती लाज झाकायला त्याने राक्षस रचला होता. मी प्रार्थनाला खूण केली, 'बंद कर.' तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

पिल्लू चुलत्याला घेऊन घरी आलं. सगळा कळप जमला. आणि त्या नालायक साळिंदराच्या बापाने अंगावरचे सगळे काटे मिटवले, पुढचे गुडघे टेकले आणि पोटच्या पिल्लासमोर डोकं जमिनीला लावलं!

दिवे लागले. पुरुषांच्या बाजूला असे चेहरे, जणू प्रत्येकाच्या दारात पोलीस आलेत!

"बापानंच?" आप्पासाहेब हळूच म्हणाले. "पोराच्या पाया? हे कसलं वो पिक्चर, गुरुजी?"

मी उभा राहिलो. "तर… यात दिग्दर्शकाची थोडी गफलत झालेली आहे. ख्रिस्ती दृष्टीने पाहिलं तर, येशूने सांगितलेल्या, घर सोडून गेलेल्या मुलाच्या दाखल्यात…"

"त्या दाखल्यातला बाप तर परतणाऱ्या पोराकडे स्वतः धावत गेला, गुरुजी," स्टेलाबाई म्हणाल्या. "नाक घासून घेत बसला नाही."

तोवर पोरांनी आधीच वाटलेल्या प्रश्नपत्रिकेतली रिकामी जागा भरूनही टाकली होती. साठ कागदांवर एकच शब्द: 'बापा'! आणि मी काही करायच्या आत मोनिका उभी राहिली. तिसरा प्रश्न!

"आमच्या घरी घडलंय," ती म्हणाली. "माझी कोंबडी होती, राणी. पप्पा म्हणाले, बिबट्याने नेली. पण राणीच्या पायातला निळा दोरा मला चुलीमागे सापडला. त्या दिवशी पाहुणे आले होते. आणि मी पण खाल्लं."

पाळकसाहेबांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा! पण खरा धक्का पुढेच होता. आप्पासाहेब ताडकन उठले.

"कोनता बिबट्या? दोन महिन्यांमागचा? तुमच्या घराकडनं आल्ती बातमी म्हनून म्या वनखात्यात चार खेपा घातल्या! पिंजरा आनून लावलाय माझ्या उसात! त्यो काय कोंबडीच्या रश्श्यासाठी?"

"दोन महिनं म्या शेळ्या सैपाकघरात बांधल्यात!" छबूबाई कडाडल्या. "शेळ्यांनी माझं पीठ खाल्लं! आन् आमचं ह्ये म्हाताऱ्या सासूला एकटीला परसात जाऊ देत न्हाईत!"

चर्चमध्ये गलका झाला. कोणी हसतंय, कोणी हाय-हाय करतंय. मला वाटलं, झालं! पाळकसाहेबांची अब्रू गेली, उद्याची उपासना गेली, आणि हे सगळं माझ्या झेरॉक्सने केलं!

पाळकसाहेब उठले. झगा नव्हता, साधा शर्ट होता. ते बाकासमोर गुडघ्यांवर बसले. मोनिकाची उंची आणि त्यांची उंची एक झाली.

"मोना, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तू रडशील म्हणून भ्यालो. नंतर खरं सांगायलाही भ्यालो. मला क्षमा कर."

मोनिकाने बराच विचार केला. "राणीला त्रास झाला?"

"थोडा."

"मग तिच्यासाठी पण प्रार्थना करा."

केली! भर चर्चमध्ये, कोंबडीसाठी! आप्पासाहेबांनीसुद्धा टोपी काढून हातात धरली. मग पाळकसाहेब त्यांच्याकडे वळले तर सरपंच घाईने म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! माझ्या फुडं गुडघं टेकू नका, मला पन कुटंतरी टेकावं लागंल!"

हशा पिकला. आणि त्या हशात मला जाणवलं की मार्था माझ्याकडे बघतेय.

"ह्यांचं राहिलं," ती म्हणाली.

"माझं काय?" मी म्हणालो. "मी खोटं कुठे बोललो? नापास झाली ते खरंच होतं."

"परीक्षेच्या आठवड्यात मला डेंग्यू होता. रात्रंदिवस दवाखान्यात माझ्या उशाशी कोण होतं? ते सांगितलं का तुम्ही उपासनेत?"

नव्हतं सांगितलं. मला माहीत होतं, पण सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे… त्याने उदाहरणाची धार गेली असती. हे मी स्वतःलाही आत्ता पहिल्यांदाच सांगत होतो.

लॅपटॉपमागे प्रार्थना डोळे पुसत होती, पण वायर गुंडाळत असल्याचं दाखवत होती.

मी तिच्यापर्यंत गेलो. "बाळा, तुझं गणित कच्चं आहे हे खरं, पण…"

"पप्पा!"

"चुकलो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तीन आठवड्यांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द 'पप्पा' आणि दुसरा 'बरं'. मला रडूच आलं. ती पुढे म्हणाली, "पण तेव्हा माईकवर सांगितलं होतंत. दोनशे माणसांत. आज निम्मीच आहेत."

रविवारी माईकवर गेलो. सगळं सांगितलं, डेंग्यूसकट. खाली उतरलो तर प्रार्थना पायरीशी येऊन उभी. पाळकसाहेबांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात असाच सिनेमा ठेवायचा का? हात वर करा!"

बायका-पोरांचे सगळे हात वर! पुरुषांच्या बाजूला एक हात दिसेना. कोणी बुटाची नाडी बांधत होतं. चप्पल घातलेलेसुद्धा!

मग सगळे माझ्याकडे बघून हसू लागले. वर पाहतो तर माझा हात वर होता. प्रार्थनाने मनगट पकडून उचलला होता.

मी विरोध केला नाही. एक तर तिची पकड आईवर गेलीय. आणि दुसरं म्हणजे, तिने हात सोडावा असं मला वाटत नव्हतं.