पारूबाईच्या चार उकळ्या

एका जंगलात पारूबाई साळिंदर राहायची. आपलं कुणी म्हणजे कुणी खरं मानत नाही, ही तिची जन्माची तक्रार. आणि लेकरांनो, मानणार तरी कसं? बाई लोकांच्या रानातली मुळं चोरून खायची.

त्या साली जंगलानं कांदा लावला. जमीन वाळूसारखी. युरिया गोणीगोणीनं, वर पाटाचं पाणी धो धो.

पारूबाई सरपंच गव्याला म्हणाली, "तात्या, कांद्याचं मूळ वीतभर. पाण्याबरोबर खत त्याच्याखाली सटकतं ते थेट विहिरीत. काळ्या रानात जरा तरी थांबतं. ह्या वाळूत थांबायला त्याचा मामा राहतो का? युरिया कमी टाका. कांदा निघाला की तूर लावा, तिचं मूळ खोल जातं, खाली गेलेलं खत ओढून घेतं."

"किती खोल, ते तुला गं काय ठाऊक?"

"खाल्लंय ना!"

सभा खो खो हसली. तात्यांनी विहिरीचं पाणी दाखवलं. "बघ, काचेगत नितळ. वास नाही, चव नाही."

पारूबाईनं काटे फुलवले आणि तरातरा घरी गेली. घरी जाऊन काय केलं? शेजारणीचा कांदा जास्त हिरवा दिसला, म्हणून आपल्या एवढ्याशा वाफ्यात दोन गोण्या युरिया ओतला! रिकाम्या गोण्या दारात पाय पुसायला टाकल्या.

पुढं लेकीला पिल्लू झालं. लेकीला दूध येईना. पावडर पाण्यात कालवून पाजायची वेळ आली.

"मी काय अडाणी आहे? पाणी उकळूनच देणार!" पारूबाई म्हणाली. एक नाही, चार उकळ्या. घागरभर पाणी तांब्याभर उरायचं.

आठव्या दिवशी पिल्लाचे ओठ जांभळासारखे झाले.

बगळी नर्सनं त्याला उचलून दवाखान्यात नेलं. पिल्लू थोडक्यात वाचलं. मग नर्स कडाडली, "मावशी, उकळल्यानं जंतू मरतात, खत नाही मरत! पाणी आटलं, खत तेवढंच राहिलं. तुम्ही ते दाट करून पाजलंत!"

पारूबाईच्याच दारात सभा भरली. दोष कुणाचा? कांद्याचा म्हणावा, तर तो सगळ्यांचाच. तात्या म्हणाले, "जमिनीला बिळं कोण पाडतं? त्यातूनच खत खाली गेलं."

पारूबाई तावातावानं उठली. बघते तर तिच्या पायाखाली त्या दोन गोण्या. ती खाली बसली.

जन्मात पहिल्यांदा सगळ्यांचा तिच्यावर विश्वास बसला.

तात्पर्य: ज्याला आधी कळतं, त्यालाच आधी धरावं, म्हणजे बाकीच्यांना कांद्याला खत घालायला वेळ मिळतो. विहीर तीच आहे, पाणी तेच आहे, पाटी तेवढी नवी लावली आहे. पाणी नासवणारी: पारूबाई साळिंदर.